जुने इंजिन तेल पिते, निळा धूर सोडते : काय करावे?

(अंजनवेल व गुहागर परिसरातील बागायतदार श्रोत्यांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)

कलमांची छाटणी, मोहोरावरचा तुडतुडा, भातावरचा करपा या विषयांवर आपण नेहमीच बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण शेतीबाहेरचा नाही. झाडावर आंबा कितीही चांगला धरला तरी तो पेटीत भरून बाजारात पोचेपर्यंत त्याचे पैसे होत नाहीत. आणि तो पोचवायचा कशातून? तर पुष्कळांच्या दारी असलेल्या जुन्या जीपमधून, नाहीतर मुंबईच्या भावाने गावी आणून ठेवलेल्या जुन्या मोटारीतून. ही गाडी मागून निळा धूर सोडू लागली, दर चार दिवसांनी तेल मागू लागली, की घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, "रिंगा गेल्या, इंजिन खोला." कोणी म्हणतो, "विकून टाका भंगारात." दोन्ही सल्ले खर्चाचे आहेत, आणि पुष्कळदा दोन्हींची गरज नसते.

अंजनवेलचेच उदाहरण घेऊ. वाशिष्ठीच्या मुखाशी, दक्षिण काठावर, गोपाळगडाच्या शेजारी वसलेले हे गाव. इथला माल निघाला की चढ-उतार करीत गुहागरला, तिथून चिपळूणला, आणि घाटावर न्यायचा तर कुंभार्ली घाट चढून कराडला. नाहीतर धोपाव्याच्या फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडे दाभोळला. कोणतीही वाट धरा. गाडीवर ओझे आहे, पुढे चढ आहे आणि उन्हाळ्यात तांबडी धूळ आहे. अशा वाटेवर इंजिन जाम झाले तर नुकसान नुसते इंजिनाचे होत नाही. उन्हात अडकून पडलेल्या पेट्यांतला आंबाही जातो.

तेव्हा आजची मुख्य गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जुने इंजिन धुराने मरत नाही, तळातले तेल संपले की मरते. म्हणून आधी तेल मोजा, मग धूर ओळखा, मग फुकटची आणि स्वस्त कारणे तपासा. इंजिन खोलायचे ते सर्वांत शेवटी. आपल्याकडे हा क्रम बरोबर उलटा होतो.

तेल जळते कसे?

पिस्टन म्हणजे पिचकारीतला दट्ट्याच समजा. तो सिलिंडरमध्ये वर-खाली होतो. त्याच्या अंगावर साधारणपणे तीन रिंगा असतात. वरच्या दोन रिंगा दाब धरून ठेवतात. खालची रिंग सिलिंडरच्या अंगावर उडालेले तेल खरवडून परत तळात पाठवते. परातीच्या कडेचे पीठ आपण उलथन्याने खरवडतो ना, तसे. रिंगा झिजल्या, काजळीने खाचेत चिकटल्या, किंवा सिलिंडरच झिजून लांबट-वाटोळा झाला, की थोडे तेल वर राहते आणि इंधनाबरोबर जळते. हा झाला तेलाचा पहिला रस्ता.

दुसरा रस्ता वरून आहे. व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो तिला गाइड म्हणतात, आणि तिच्या डोक्यावर पुष्कळ इंजिनांत रबराचे एक छोटे सील असते. वर्षानुवर्षे उष्णता लागून हे रबर कडक होते, त्याला चिरा पडतात, आणि तेल गाइडमधून खाली झिरपते. तिसरा रस्ता ब्रीदरचा, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीचा. ती तुंबली की पोटात दाब साठतो आणि तो दाब तेलाला नको तिथे ढकलतो. ज्या डिझेल गाड्यांना टर्बो आहे, त्यांत टर्बोचे सील गेले तरी तेल जळते.

आता बघा, यातला ब्रीदर साफ करायला एक पैसा लागत नाही. रबरी सील बदलायला थोडे पैसे लागतात. रिंगा आणि सिलिंडरचे काम तेवढे मोठ्या खर्चाचे. धूर मात्र तिन्हींचा निळाच दिसतो. म्हणून नुसता धूर पाहून निर्णय घेऊ नये.

आधी मोजा

'गाडी फार तेल खाते' हे बोलणे झाले, माप नव्हे. माप असे घ्यावे. गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन गरम असेल तर बंद करून दहा मिनिटे थांबा, म्हणजे वरचे तेल तळात उतरेल. तेलाची पट्टी काढा, पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढून पाहा. वरच्या खुणेपर्यंत तेल भरा. खुणेच्या वर भरू नका. आता किलोमीटरचा आकडा वहीत लिहा. तेल खालच्या खुणेजवळ आले की पुन्हा आकडा लिहा आणि वरच्या खुणेपर्यंत यायला किती तेल लागले तेही लिहा. पुष्कळ मोटारींत दोन खुणांमधले अंतर सुमारे एक लिटरचे असते.

समजा, एक लिटर तेल १,००० किलोमीटरला लागले. जुन्या इंजिनाला हे चालण्यासारखे आहे. काही कारखानदार आपल्या पुस्तिकेत नव्या गाडीलाही जवळपास एवढी मर्यादा देतात. तेच एक लिटर ५०० किलोमीटरला लागू लागले तर कारण शोधायला लागा. २५० किलोमीटरला लागले तर गाडी लांबच्या वाटेला काढण्यापूर्वीच दुरुस्तीचा विचार करा.

का ते सांगतो. अंजनवेलहून कराडला जाऊन परत यायचे म्हणजे अंदाजे ३०० किलोमीटर. २५० किलोमीटरला लिटरभर तेल पिणारी गाडी घरून वरच्या खुणेपर्यंत भरून निघाली तरी परतीच्या वाटेवर खालच्या खुणेच्याही खाली जाते. तेल कमी असताना घाटाच्या वळणावर ते एका बाजूला सरकते, पंपाच्या तोंडाशी हवा येते, आणि बेअरिंग कोरडी पडतात. पुढे काय होते ते सांगायला नको.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. समोरच्या फळीवरचा तेलाचा लाल दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो चालत्या गाडीत लागला म्हणजे दाब आधीच गेलेला आहे. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" असे म्हणू नका. तिथल्या तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद करा. तेल पिणाऱ्या गाडीत त्याच जातीच्या तेलाचा दोन लिटरचा डबा कायम ठेवावा, आणि हंगामात रोज सकाळी पट्टी पाहावी. गोठ्यात गेल्यावर गाईचे पाणी बघतो, तितकी ही सवय अंगवळणी पडायला हवी.

पंपाच्या किंवा होडीच्या डिझेल इंजिनाला हेच माप किलोमीटरऐवजी तासांवर घ्यावे. अमुक तास चालले, अमुक तेल लागले, असे वहीत लिहून ठेवावे.

आणि मोजताना एक खात्री करून घ्या: तेल जळतेच आहे ना, की गळते आहे? रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी त्यावर काळे डाग दिसले तर रॉकर कव्हरचे पॅकिंग, तळाचा बोल्ट, क्रँकचे ऑइल सील ही ठिकाणे तपासा. गळणारे तेल जळते आहे असे समजून रिंगा बदलल्या, तर पैसे गेले आणि गळती तशीच राहिली.

धुराचा रंग आणि वेळ

धुराचा रंग दिवसा, सावलीत आणि दुसऱ्या माणसाला मागे उभे करून पाहावा.

काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. डिझेल गाडीत नोझल खराब, पंपाची जुळणी बिघडलेली, किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पेट्रोल गाडीत कार्बोरेटरची जुळणी. इथे तेलाचा आणि रिंगांचा संबंध सहसा नसतो.

पांढरा धूर थंड सकाळी सुरुवातीला येऊन गरम झाल्यावर थांबला, तर काळजी नको. डिझेल इंजिन थंड असताना न जळलेल्या डिझेलचा डोळ्यांना झोंबणारा पांढुरका धूरही येतो. तोही गरम झाल्यावर थांबायला हवा. पण पांढरी वाफ थांबतच नाही आणि रेडिएटरचे पाणी कमी होते, तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा असण्याचा संभव आहे. पट्टीवरचे तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. अशी गाडी चालवू नये.

निळसर आणि जळक्या तेलाचा वास येणारा धूर म्हणजे तेल जळते आहे. आता तो कोणत्या वेळी येतो ते पाहा, कारण खरे निदान तिथे आहे.

एक : रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना भसकन निळा धूर आला आणि मिनिट-दोन मिनिटांत थांबला. यात संशय व्हॉल्व्हच्या सीलवर. रात्रभरात झिरपून साठलेले तेल तेवढे जळले.

दोन : पेट्रोल गाडी. लांब उतार गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरलात. खाली आल्यावर पाय दाबला आणि मागे निळा लोट उठला. हाही व्हॉल्व्ह गाइड आणि सीलचाच दोष. उतारावर इंजिनात जोराची ओढ तयार होते आणि ती तेल खाली खेचते. आपल्या भागात उतारांना तोटा नाही, तेव्हा ही परीक्षा घरबसल्या होते. जुन्या डिझेल इंजिनात हवेची वाट अशी बंद होत नसल्यामुळे ही परीक्षा डिझेलला लावू नये.

तीन : चढावर, ओझ्याखाली, सारखा निळा धूर आणि जोडीला ताकद कमी. संशय रिंगा आणि सिलिंडरवर.

चार : तेल बदलून आणले आणि दुसऱ्याच दिवसापासून धूर सुरू झाला. तेल वरच्या खुणेच्या वर भरले आहे का पाहा. तेलाच्या वाटीचा एअर फिल्टर असेल तर वाटीतही तेल जास्त भरले गेले का पाहा. जास्तीचे काढले की धूर थांबतो.

फुकटच्या तपासण्या

इंजिन चालू असताना काम करायचे तर लुंगी, पदर, ओढणी, मफलर पंख्यापासून दूर ठेवा. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.

ब्रीदरची नळी काढा, रॉकेल किंवा डिझेलने धुवा, फुंकून पाहा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर कुंभारीण माशी अशा नळीत मातीचे घर करून बसते. ते काढल्यावर तेलाची गळती आणि धूर कमी झाला तर मोठा खर्च वाचलाच.

मग इंजिन संथ चालू ठेवून तेल भरायचे झाकण सावकाश उघडा. तोंड जवळ नेऊ नका, गरम तेल उडते. किंचित वाफ चालेल. पण आगगाडीसारखे धुराचे भपकारे येत असतील आणि ब्रीदर साफ असेल, तर पिस्टनच्या बाजूने दाब खाली येतो आहे, म्हणजे रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत.

पेट्रोल गाडीचे सगळे प्लग काढून क्रमाने कागदावर मांडा. फिकट तपकिरी प्लग म्हणजे ठीक. कोरडा, काजळी धरलेला म्हणजे पेट्रोल जास्त. ओला, चिकट काळा म्हणजे त्या सिलिंडरमध्ये तेल येते आहे. चारांपैकी एकच प्लग ओला असेल तर चारही सिलिंडर दोषी नाहीत, हे मिस्त्रीला दाखवून द्या.

तांबडी धूळ : आपल्या भागातले मोठे कारण

इंजिन वयाने झिजते हे खरे, पण धुळीने ते फार लवकर झिजते. आपली माती जांभ्याची. फाल्गुन-चैत्रात कच्च्या रस्त्याने, चिरेखाणीजवळून गाडी गेली की तांबडी धूळ उठते. ही धूळ एअर फिल्टर चुकवून आत गेली तर पॉलिश कागदासारखे काम करते आणि रिंगा व सिलिंडर घासून टाकते.

याची परीक्षा सोपी आहे. एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप काढा आणि बोटाला पांढरे फडके गुंडाळून आतून फिरवा. फडके स्वच्छ निघाले तर उत्तम. तांबडे निघाले तर तुमचे इंजिन माती खात आहे. पाइपला चीर आहे का, क्लिप ढिली आहे का, फिल्टर नीट बसतो का, ते पाहा. हे न सुधारता नव्या रिंगा घातल्या तर त्याही लवकरच झिजतील.

तेलाच्या वाटीचा फिल्टर धुळीच्या दिवसांत आठवड्याला उघडावा. वाटीतला गाळ काढून, जाळी रॉकेलने धुऊन, निथळवून, नवे तेल बरोबर खुणेपर्यंत घालावे. कागदी फिल्टर मात्र धुवायचा नसतो. हलकेच आपटून धूळ काढावी आणि काळवंडला की बदलावा. फिल्टरची किंमत इंजिनाच्या कामापुढे काहीच नाही.

दुसरे आपल्याकडचे कारण म्हणजे पावसाळा. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत गाडी पडवीत उभी राहते. दमट, खारट हवेने सिलिंडरला गंज धरतो आणि रिंगा खाचेत चिकटतात. म्हणून पावसाआधी तेल बदलावे आणि दर दहा-पंधरा दिवसांनी गाडी बाहेर काढून आठ-दहा किलोमीटर चालवावी. जागच्या जागी पाच मिनिटे इंजिन घरघरवून उपयोग होत नाही. ते पुरते तापत नाही आणि आत पाणी धरते.

गॅरेजात गेल्यावर

पहिली मागणी कॉम्प्रेशन पाहण्याची करा. पेट्रोल गाडीत सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, प्रत्येक सिलिंडरचा दाब घेतात. आकडे वहीत लिहून घ्या. सगळे जवळपास सारखे असले पाहिजेत. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक फरक नसावा. ज्याचा दाब कमी, त्यात चमचा-दोन चमचे इंजिन ऑइल घालून पुन्हा दाब घ्यायला सांगा. दाब वाढला तर दोष रिंगांचा, कारण तेलाने फट तेवढ्यापुरती बुजली. दाब तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. ही तेलाची युक्ती डिझेल इंजिनाला करू नये. डिझेलचा दाब फार मोठा असतो. त्याचे गेज वेगळे आणि जाणता मिस्त्रीही हवा.

दोष व्हॉल्व्हच्या सीलचा ठरला, तर पुष्कळ इंजिनांत प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरतात आणि हेड न उतरवता सील बदलतात. गाइडच झिजले असतील तर हेड उतरवून गाइड बदलणे आणि व्हॉल्व्ह घासून बसवणे हे काम करावे लागते. खालचा भाग तसाच राहतो.

दोष रिंगांचा ठरला, तरी 'नुसत्या रिंगा टाकतो' या बोलीवर लगेच हो म्हणू नका. आधी सिलिंडरचे माप वर, मध्ये आणि खाली, आडवे-उभे घ्यायला सांगा. सिलिंडर गोल आणि सरळ असेल तर वरचा काठ काढून, होनिंग करून, नव्या रिंगा चालतात. काठ न काढता नवी रिंग घातली तर ती त्यावर आपटून तुटते. सिलिंडर लांबट झाला असेल तर नव्या रिंगा त्यात बसणारच नाहीत. मग बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालणे किंवा स्लीव्ह बदलणे हाच उपाय. रिंगांची तोंडे एका रेषेत ठेवलेली नाहीत ना, हे बसवताना पाहा. काढलेले जुने भाग परत मागा. नव्या भागांचे बिल घ्या.

काम झाल्यावर पहिले १,००० किलोमीटर गाडी जपून चालवावी. पूर्ण ओझे नको, इंजिन ताणणे नको, आणि तासन् तास एकाच वेगाने चालवणेही नको. पहिले तेल ५०० किलोमीटरच्या सुमारास बदलावे; त्यात लोखंडाचा कीस उतरलेला असतो. म्हणजेच हे काम आंब्याच्या तोंडावर काढू नका. दिवाळीनंतर काढा, म्हणजे हंगामापर्यंत इंजिन बसते.

खर्चाचा हिशेब

आता मुख्य प्रश्न : काम करावे की तेल घालत राहावे? हिशेब मांडू. आकडे उदाहरणासाठी आहेत, तुम्ही आपले घाला.

समजा, गाडी वर्षाला ६,००० किलोमीटर चालते, १,००० किलोमीटरला एक लिटर तेल पिते, आणि लिटरला ४०० रुपये पडतात. वर्षाचे सहा लिटर, म्हणजे २,४०० रुपये. पूर्ण इंजिनाच्या कामाला ५०,००० रुपये लागणार असतील, तर नुसते तेल वाचवून ते भरून यायला वीस वर्षांहून अधिक काळ लागेल. अशा वेळी पट्टी पाहत, तेल घालत गाडी चालवणे हेच शहाणपण.

तीच गाडी २५० किलोमीटरला लिटर पीत असेल, तर वर्षाचे २४ लिटर, म्हणजे ९,६०० रुपये. शिवाय चढावर ताकद नाही, इंधन जास्त, प्लग सारखे साफ करणे आणि भर हंगामात वाटेवर थांबण्याची भीती. इथे काम काढणे परवडते. मात्र गाडीचे अंग, चासी आणि कागदपत्रे चांगली असली तरच. खाऱ्या हवेने चासी कुजलेली असेल तर तिच्यात नवे इंजिन घालणे म्हणजे गळक्या घरात नवा पलंग आणणे.

सुटे भाग मिळतात का, तेही पाहावे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी बंद होऊन दोन तपे झाली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदतही ऑक्टोबर २०२३ अखेर संपली. अशा गाडीचा एखादा भाग शोधण्यातच हंगाम निघून जाऊ शकतो. भाग मिळाल्याखेरीज इंजिन खोलू देऊ नका.

कायद्याची बाजू

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. धुराचे प्रमाणपत्र, म्हणजे पी.यू.सी., जवळ नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गाडी खरोखरच संपली असेल तर ती उकिरड्याकडेला कुजत ठेवू नका. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण सुरू केले आहे. नोंदणीकृत केंद्रात गाडी दिल्यास प्रमाणपत्र मिळते आणि गाडीची नोंदणी रीतसर रद्द करून घेता येते.

या गोष्टी करू नका

तेल दाट व्हावे म्हणून इंजिनात गिअर ऑइल घालू नका. पुस्तिकेत उष्ण हवेसाठी दाट जातीचे तेल सांगितलेले असेल तर ते जरूर वापरा. त्याने तेलाचा खप थोडा कमी होतो. 'एक बाटली ओता, धूर बंद' अशा औषधांवर विसंबू नका. झिजलेले लोखंड बाटलीने भरून येत नाही. काढलेले काळे तेल गाळून पुन्हा घालू नका. सुटे, बिनशिक्क्याचे तेल घेऊ नका.

बंद पडवीत किंवा पंपाच्या खोलीत इंजिन चालू ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि माणूस झोपेतच जातो. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले आहे. धूर सोडणारे इंजिन घरापासून आणि गोठ्यापासून दूर असावे.

जळके तेल खाडीत, पऱ्यात, विहिरीजवळ किंवा कलमाच्या आळ्यात ओतू नका. वाशिष्ठीच्या खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवे आपल्याच ताटात येतात. तेल डब्यात साठवून गॅरेजात द्या.

आणि डिझेलवाल्यांनो, एक धोका माहीत असू द्या. फार झिजलेल्या किंवा तेल जास्त भरलेल्या डिझेल इंजिनात कधी कधी इंजिन स्वतःचेच तेल ओढून जाळू लागते. वेग आपोआप वाढत जातो आणि चावी काढली तरी ते थांबत नाही. अशा वेळी घाबरून बॉनेटमध्ये हात घालू नका. ब्रेक घट्ट दाबा, सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा; इंजिन गुदमरून बंद पडते. पंपाचे इंजिन असेल तर बाजूने जाऊन हवेच्या तोंडावर जाड फळी दाबून धरा. हात किंवा सुटे फडके लावू नका, ते आत ओढले जाते. हे जमण्यासारखे नसेल तर माणसांना दूर न्या. इंजिन पुन्हा घेता येते.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. हंगामात रोज सकाळी तेलाची पट्टी पाहा. दोन लिटर तेल गाडीत ठेवा.
२. किती किलोमीटरला किती तेल, हे वहीत लिहा.
३. गळती आहे का, ते वर्तमानपत्र पसरून पाहा.
४. धुराचा रंग पाहा, आणि तो कधी येतो तेही पाहा.
५. ब्रीदर आणि एअर फिल्टर आधी साफ करा. पांढऱ्या फडक्याची परीक्षा घ्या.
६. कॉम्प्रेशन पाहिल्याशिवाय आणि सिलिंडर मोजल्याशिवाय रिंगा बदलू नका.
७. हिशेब मांडून मगच मोठे काम काढा, आणि ते दिवाळीनंतर काढा.
८. तेलाचा लाल दिवा लागला की थांबा.

येत्या रविवारी सकाळी पट्टी, वही आणि एक पांढरे फडके घेऊन गाडीजवळ बसा. अर्ध्या तासाचे काम आहे. गॅरेजची पायरी चढण्याआधी आपल्या इंजिनाची प्रकृती आपल्याला ठाऊक असेल, तर मिस्त्रीशी बोलणेही सोपे जाते आणि खिशालाही चाट बसत नाही.